विचारा, मग घ्या : पाठीवरचं लेबल आधी वाचा

विजेवर चालणारी वस्तू घेण्याआधी सल्ला विचारणाऱ्या या महिन्याच्या पत्रांत बहुतेकांनी खोक्यावर पुढे मोठ्या अक्षरांत काय छापलंय ते मला नीट उतरवून पाठवलंय. वस्तूच्या पाठीवर बारीक अक्षरांत काय आहे, ते मात्र एकट्या वाईच्या गुरुजींनी लिहिलं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेडला शिकवत होते तेव्हा मुलांना मी वस्तू उघडायच्या आधी उलटी करायला लावायची. पुढची बाजू विकणाऱ्याची असते. मागच्या लेबलवर व्होल्ट, वॅट, अँपिअर आणि नोंदणी क्रमांक असतो, आणि तिथे खोटं लिहिणं महागात पडतं. म्हणून यावेळी बहुतेक उत्तरांत मी तुम्हाला त्या लेबलकडेच नेणार आहे.

प्रश्न : ताई, आमच्याकडे उन्हाळ्यात रोज तीन-चार तास वीज जाते. तीन पंखे, चार एलईडी दिवे, वायफायचा राउटर आणि जमलं तर 43 इंची टीव्ही एवढं इन्व्हर्टरवर चालावं असं वाटतं. दुकानदार 1450 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ताकद) इन्व्हर्टर आणि 220 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवण) बॅटरी घ्या म्हणतो. धाकटी मुलगी बारावीला आहे, तिचा अभ्यास बुडायला नको. एवढं मोठं खरंच लागेल का?
— एक गृहिणी, अंबाजोगाई

उत्तर : नाही लागणार. आधी कागद घ्या आणि घरातला भार लिहून काढा. साधा जुना छताचा पंखा 75 वॅट, म्हणजे तिन्हींचे 225. नऊ वॅटचे चार दिवे म्हणजे 36. राउटर 12 धरा. टीव्हीच्या पाठीवर बघा, 43 इंचीला साधारण 80 वॅट असतील. बेरीज झाली 353. इन्व्हर्टरवर व्हीए लिहिलेलं असतं, पण तेवढे वॅट त्यातून मिळत नाहीत. 900 व्हीएचा असेल तर सातशेच्या आसपास वॅट धरा. नक्की आकडा त्याच्या लेबलवर असतो. तुमचा भार त्याच्या निम्मा आहे. म्हणजे 900 व्हीए तुम्हाला पुरून उरेल. 1450 चा घेऊन दिवे जास्त वेळ चालत नाहीत, कारण वेळ ठरवते बॅटरी.

आता बॅटरी. 150 एएच गुणिले 12 व्होल्ट म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. पण लेबलवर एएचच्या शेजारी ‘सी20’ लिहिलेलं असतं, ते वाचा. त्याचा अर्थ असा की ही बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरच 150 एएच देते. तीन-चार तासांत ओढून घेतली की कमी देते. शिवाय इन्व्हर्टर स्वतः काही खातो आणि बॅटरी पार तळापर्यंत रिकामी करणं तिच्या आयुष्याला वाईट. या सगळ्यानंतर हातात 1200 वॅट-तास येतात असं मी धरते. 1200 भागिले 353, म्हणजे साडेतीन तासांच्या आत-बाहेर. टीव्ही बंद ठेवलात तर सव्वाचार तासांच्या वर.

माझं म्हणणं पुढे आहे. 220 एएचच्या बॅटरीसाठी जे जास्तीचे पैसे द्यायचे आहेत, ते तिथे घालू नका. त्या पैशांत बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे, पंखे घ्या. हे पंखे 28 ते 35 वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. तीन पंख्यांचे 225 वॅट नव्वदवर येतात. मग टीव्हीसकट भार 218 आणि त्याच 150 एएचच्या बॅटरीवर साडेपाच तास. टीव्हीशिवाय आठ तास सहज. शिवाय वीज असतानाही हा फायदा चालूच राहतो. तीन पंखे दिवसाला बारा तास फिरले तर रोज दीड युनिटाहून जास्त वाचतं, महिन्याला 48 च्या आसपास. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा. मोठी बॅटरी बिल कधीच कमी करत नाही. तिन्ही पंखे एकदम जमत नसतील तर मुलीच्या खोलीतला आधी बदला.

पंखा घेतानाही लेबल. 2023 च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे. 1200 मिलिमीटरच्या पंख्याला वाऱ्याचा आकडा, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा, 210 च्या खाली नसावा. कमी वॅट दाखवून वाराही कमी देणारा पंखा घेण्यात काही मिळत नाही.

मोठ्या बॅटरीला मी नको म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर साधारण 10 ते 15 अँपिअर देतो. 150 एएचची बॅटरी भरायलाच त्याला दहा-बारा तास लागतात. उन्हाळ्यात रोज वीज जात असेल तर 220 एएचची बॅटरी पुरती भरेल कधी? लेड-अॅसिड बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती अकाली बसते. महागाची मोठी बॅटरी दोन वर्षांत गेली म्हणून लोक कंपनीला बोल लावतात. पुष्कळदा कारण हे असतं.

दुकानात गेल्यावर बघायच्या गोष्टी : इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, हवा. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर पंखे घुमतात आणि तापतात. बॅटरी टॉल ट्युब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची उंच, घ्या. तिच्या अंगावर निर्मितीचा महिना सांकेतिक आकड्यांत कोरलेला असतो. दुकानदाराला त्याचा अर्थ विचारा. सहा महिने गोदामात पडलेली बॅटरी घेऊ नका. वॉरंटीकार्डावर ‘36 + 24’ असं काही दिसलं तर पहिल्या 36 महिन्यांत बदलून मिळते आणि पुढच्या 24 मध्ये फक्त किमतीत सूट मिळते. ते पाच वर्षं फुकट बदलून देणं नव्हे. जुनी बॅटरी घरात असेल तर ती देऊन किंमत कमी करून घ्या. आतलं शिसं मोलाचं असतं आणि ते भंगारवाल्याने उघड्यावर फोडण्यापेक्षा कंपनीकडे परत गेलेलं बरं.

बॅटरीत पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं नाही, विहिरीचं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तरंगता दर्शक बघत जा. आणि कृपा करून बॅटरी देवघराशेजारी ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि समईची ज्योत त्याच्या जवळ नको. हवेशीर व्हरांडा किंवा जिन्याखालची मोकळी जागा चांगली.

लिथियमची बॅटरी महाग आहे, पण भराभर चार्ज होते आणि जास्त खोलवर वापरता येते. ज्यांच्याकडे वीज थोडा थोडा वेळच येते त्यांनी तिचा विचार करावा. इन्व्हर्टर मात्र लिथियमसाठी चालणारा आहे का, ते आधी पाहावं.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी गाणं शिकते. घरी रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी घ्यावी, की मोबाइलवरचं अॅप आणि ब्लूटूथ स्पीकर? बाईंची पट्टी काळी चार आहे, मुलीलाही सध्या तीच देतात.
— एक आई, मिरज

उत्तर : दोन्हींनी काम होतं. फरक पडतो तो स्पीकरमुळे. काळी चारचा मध्य षड्ज सुमारे 208 हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 104 च्या जवळपास. मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर त्या खालच्या सुरात अशक्त असतो. वरचे स्वरांश ऐकू येतात, आणि कान खर्ज आहे असं समजून घेतो. पण मुलीने जो आधार अंगात घ्यायचा तो मिळत नाही. तेव्हा आत निदान चार इंची कर्णा असलेला स्पीकर हवा. दुकानात स्वतःचा फोन घेऊन जा आणि सिनेमाचं गाणं न लावता काळी चारचा तानपुरा लावा. आवाज अर्ध्यावर ठेवून डोळे मिटून ऐका. खर्जाची तार गोल वाजते की नुसती खरखरते? मुलीलाही सोबत न्या. तिला गुणगुणायला सांगा आणि कोणत्या स्पीकरबरोबर तिचा सूर सहज लागतो ते बघा. दुकानदार जरा खोळंबेल, खोळंबू द्या.

अॅपमधले तानपुरे आता खऱ्या वाद्याचं ध्वनिमुद्रण वापरतात, त्यामुळे जवारी, म्हणजे तारेची ती भरदार गुंज, पेटीपेक्षा बरी वाटते. अडचण फोनची आहे. रियाज रंगात आला की कुणाचा तरी संदेश वाजतो. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि मग फक्त ब्लूटूथ चालू करा. ब्लूटूथचा आवाज किंचित उशिरा येतो, पण तानपुऱ्याला त्याची बाधा नाही. मुलगी गातानाचा व्हिडिओ करायचा झाला तर स्पीकर तारेने जोडा. स्पीकर घेताना तारेसाठी भोक आहे ना, एवढं पाहा, कारण पुष्कळ नव्या स्पीकरांना ते नसतं.

पेटीचा मोठा गुण असा की दहा वर्षांची मुलगी ती स्वतः लावू शकते. फोन मागायला आईकडे यावं लागत नाही. या वयात तेच महत्त्वाचं मानून मी पेटी सुचवेन, स्पीकर मोठा असलेली. जुनी वापरलेली पेटी मिळत असेल तर ती अर्धा तास चालू ठेवून सूर सरकतो का ते तपासा. जुन्या पेट्यांत तापल्यावर पट्टी हलते. आणि तुम्ही मिरजेत राहता. तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते बनवणारे हात तुमच्या गावात आहेत. महिन्यातून एकदा मुलीला खऱ्या तानपुऱ्याजवळ बसवा, जुळवताना बघू द्या. पेटी कितीही चांगली असली तरी सूर जुळवायला ती शिकवत नाही.

प्रश्न : ‘5000 वॅट पीएमपीओ’ लिहिलेला होम थिएटर सहा हजारांत मिळतोय. सोडू का घेऊ?
— एक तरुण, उल्हासनगर

उत्तर : त्याची वायर सहा अँपिअरच्या प्लगला जाते. 230 गुणिले 6 म्हणजे 1380 वॅट. भिंतीतून तेवढेच कमाल येऊ शकतात, मग स्पीकरमधून पाच हजार कुठून निघतील? पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या उसळीचा फुगवलेला आकडा. पाठीवर ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, शोधा. चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या खोलीला 40 ते 60 वॅट आरएमएस पुरतात. आरएमएस कुठेच लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

प्रश्न : मुलाने न्यूजर्सीहून एक सुंदर डिजिटल रेडिओ पाठवला आहे. एफएम लागतं, पण मध्यम लहरींवर पुणे केंद्र मिळत नाही, मिळालं तर आवाज घोगरा येतो. आमचा जुना ट्रान्झिस्टर मात्र तेच केंद्र स्पष्ट पकडतो. अॅडॉप्टरवर ‘इनपुट 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ’ असं आहे, म्हणून मी तो अजून लावलेला नाही, सेलवर चालवतो. रेडिओ बिघडलेला आहे का?
— निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : गुरुजी, तुमचा रेडिओ धडधाकट आहे, आणि अॅडॉप्टर न लावून तुम्ही तो वाचवलात. नमस्कार करते.

अमेरिकेत मध्यम लहरींची केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात. आपल्याकडे नऊ-नऊच्या. पुणे केंद्र 792 वर. 792 ला नऊने भाग जातो, दहाने जात नाही. तुमचा रेडिओ 790 वर थांबतो आणि तिथून थेट 800 वर उडी मारतो. 790 वर तो केंद्रापासून दोन किलोहर्ट्झ बाजूला आहे, म्हणून आवाज घोगरा. सांगलीचं 1251 त्याला 1250 वर बऱ्यापैकी सापडेल, पण मुंबईच्या 1044 साठी तो 1040 वर बसेल आणि काहीच धड ऐकू येणार नाही. तुमच्या जुन्या ट्रान्झिस्टरची चकती सलग फिरते, तिला पायऱ्याच नाहीत, म्हणून तो जिंकतो.

उपाय बहुधा रेडिओतच आहे. मागे, कधी सेलच्या कप्प्यात, ‘9 / 10’ असं लिहिलेलं छोटं बटण असतं. काही रेडिओंत बंद असताना एखादं बटण दाबून धरावं लागतं. माहितीपुस्तिकेत ‘एएम स्टेप’ या नावाखाली पाहा. पायरी बदलली की साठवलेली केंद्रं पुसली जातील, ती पुन्हा भरा. अशी सोयच नसेल तर तो रेडिओ एफएमसाठी ठेवा आणि मध्यम लहरींसाठी ट्रान्झिस्टर सांभाळा.

परदेशातून रेडिओ मागवणाऱ्या सगळ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. दुसरं म्हणजे अॅडॉप्टर. ‘100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असेल तर फक्त पिनेचा जोड लागतो. फक्त 120 असेल तर आपल्या 230 वर तो जळेल. त्याच्या ‘आउटपुट’च्या ओळीत जे व्होल्ट, अँपिअर आणि मधल्या टोकाची खूण आहे, तसाच अॅडॉप्टर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत सहज मिळतो. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. मधलं टोक धन की ऋण हे जुळलंच पाहिजे.

अजून थोडं सांगते, कारण मध्यम लहरींचे श्रोते कमी होत चालले आहेत आणि मला ते जपावेसे वाटतात. आकाशवाणीने अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणची मध्यम लहरींची प्रक्षेपकं बंद करून एफएमवर भर दिला आहे. म्हणून नवा रेडिओ घेण्याआधी आपल्या गावात हवं ते केंद्र शेजारच्यांच्या रेडिओवर लागतं का, ते ऐकून घ्यावं. खरखर येत असेल तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करा. दहातल्या आठ वेळा चोर तिथेच सापडतो. स्वस्त दिव्यांमधलं सर्किट याच लहरींवर गोंगाट सोडतं. आणि रेडिओ हळूहळू फिरवून पाहा. त्याच्या पोटात फेराइटची कांडी असते, ती एका दिशेने जास्त ऐकते. आडवी बाजू केंद्राकडे आली की आवाज उघडतो.

प्रश्न : आमचं घर डोंगराच्या सड्यालगत आहे. दरवर्षी मे महिन्यात विजा सुरू झाल्या की डिशचा बॉक्स नाहीतर टीव्ही जातो. नवा टीव्ही घेतोय. सोबत स्टॅबिलायझर घेतला तर वाचेल का?
— आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : दादा, स्टॅबिलायझर विजेपासून वाचवत नाही. त्याचं काम कमी-जास्त दाब सावरणं. नव्या टीव्हीच्या पाठीवर ‘100–240 व्होल्ट’ असेल तर तो दाब टीव्ही स्वतःच सावरतो आणि स्टॅबिलायझरचे पैसे वाचतात. फ्रिजची गोष्ट निराळी.

वीज तुमच्या घरात दोन वाटांनी येते : प्लगातून आणि डिशच्या केबलमधून. लोक प्लग काढतात, डिशची केबल तशीच ठेवतात. छपरावरच्या छत्रीतून आलेला झटका बॉक्समध्ये शिरतो, तिथून एचडीएमआयच्या तारेने टीव्हीत. म्हणून दोन्ही काढा, आणि ढग डोक्यावर यायच्या आधी काढा. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ अॅप जवळपास कुठे विजा पडत आहेत ते दाखवतं. बागेत माणसं कामाला असताना तर ते घरोघरी असावं.

पण मूळ दुखणं मला अर्थिंगमध्ये दिसतंय. जांभा दगड कोरडा असताना वीज जमिनीत सहज उतरू देत नाही. मे महिन्यात तुमचा अर्थिंगचा खड्डा अगदी सुकलेला असतो आणि नेमक्या तेव्हाच विजा येतात. आधी परवानाधारक वायरमन बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजून घ्या. दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर खड्डा नव्याने भरून घ्या, आणि मार्च ते मे तिथे पाणी घालत राहा. कलमांना पाणी देता त्याच फेरीत होईल. त्यानंतर मग चांगला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं साधन, लावा. अर्थिंग नसताना तो अर्धाच काम करतो. आतला घटक झटके खाऊन झिजतो, त्यामुळे त्यावरचा ‘संरक्षण चालू’चा दिवा विझला की तो बदलायचा. आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. ती टीव्हीसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी आहे.

टीव्हीबद्दल एकच : समोरून आठ फुटांवर बसत असाल तर 43 इंच ठीक, दहा फुटांवर 55 पर्यंत जा. ‘क्यूएलईडी’ हा एलसीडीचाच सुधारलेला प्रकार आहे, ओएलईडी वेगळा. आणि सर्व्हिस सेंटर कणकवलीपर्यंत तरी आहे का, हे घेण्याआधी फोन करून विचारा.

प्रश्न : मी नववीत आहे. मला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय. वाढदिवसाचे पंधराशे रुपये आहेत. आर्डुइनो (प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) किट घेऊ का? बाबा म्हणतात आधी अभ्यास.
— लातूर

उत्तर : बाळा, बाबांना हे उत्तर वाचायला दे. हाही अभ्यासच आहे, फक्त तो रोज एका ठरलेल्या वेळी कर.

पंधराशे रुपयांचं किट एकदम घेऊ नकोस. त्यातल्या निम्म्या वस्तू वर्षभर पिशवीतच राहतात. आधी हत्यारं घे, कारण ती पुढची दहा वर्षं पुरतात. पहिला मल्टिमीटर. दोन-अडीचशेला पिवळा 830 छापाचा मिळतो. त्यात ‘बी’ आणि ‘डी’ असे प्रकार आहेत. ‘डी’ घे, त्यात जोड तपासताना बीप वाजते. मान वर न करता काम करता येतं, त्याची किंमत तुला पहिल्याच दिवशी कळेल. आता तो मीटर हातात धरून 10 अँपिअरच्या भोकाजवळ वाच : ‘अनफ्यूज्ड’ लिहिलेलं असेल. म्हणजे तिथे फ्यूज नाही. त्या भोकात लाल तार घालून कुणी घरातल्या सॉकेटला टोक लावलं तर स्फोट होऊ शकतो. या मीटरने तू फक्त सेल आणि पाच-नऊ व्होल्टची सर्किटं मोजायची. भिंतीतला प्लग मोजायचा नाही, मोठ्यांनी सांगितलं तरी नाही. त्यासाठी फ्यूज असलेला, ‘कॅट थ्री’ (घरातल्या विजेसाठीचा सुरक्षिततेचा दर्जा) छापलेला वेगळा मीटर लागतो.

मग 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, त्याचा स्टँड, आणि 60/40 ची बारीक सोल्डर वायर. ही 190 अंशांच्या आतच वितळते, शिकायला सोपी. तिच्यात शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मध्ये खायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ, रोझिनचाच घे. नळकामाची अॅसिडवाली पेस्ट कुणी दिली तर परत कर. ती काही महिन्यांत तांबं खाऊन टाकते.

उरलेल्या पैशांत ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी), थोडे रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी, नऊ व्होल्टचा सेल आणि 555 नावाची आयसी, म्हणजे वेळ राखणारी चिप. ही आयसी 1971 मध्ये हान्स कामेनझिंड यांनी आखली आणि आजही ती दहा-पंधरा रुपयांत मिळते. तिच्याबरोबर 10 किलोओहम, 68 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरड जोडलेस, एलईडीला 470 ओहमचा रेझिस्टर लावलास, तर दिवा सेकंदाला एकदा मिचकतो. सूत्र आहे : 1.44 भागिले (पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर. आकडे घालून बघ, जवळपास एक येतो. मग 68 च्या जागी 33 लाव आणि दिवा किती वेगाने मिचकेल ते आधी कागदावर काढ, नंतर घड्याळ लावून मोज. उत्तर जुळलं की तुला जे वाटेल ना, त्यासाठीच मी आयुष्यभर शिकवलं.

दिवाळीनंतर आर्डुइनो उनो घे. मूळ बोर्ड महाग आहे, पण त्याचा आराखडा खुला असल्याने तसेच बोर्ड इतर लोकही रीतसर बनवतात. त्यांत बहुधा सीएच340 नावाची चिप असते. संगणकाने बोर्ड ओळखला नाही तर तो खराब समजू नकोस, त्या चिपचा ड्रायव्हर टाक. आणि एका पिनेतून 20 मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढू नकोस. मोटर कधीही सरळ पिनेला जोडायची नाही.

प्रश्न : वडील यंदा पहिल्यांदाच आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर पायी जाणार आहेत. 20000 एमएएचची पॉवर बँक देऊ की 10000? त्यांच्याकडे साधा स्मार्टफोन आहे.
— एक मुलगी, सिन्नर

उत्तर : दहा हजारांची. वीस हजारांची चारशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि ती त्यांना पंढरपूरपर्यंत खांद्यावर वाहायची आहे. पुढचा 10000 चा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो. पाठीवर ‘रेटेड कपॅसिटी’ शोधा. पाच व्होल्टला सहा हजारांच्या आसपास असेल, तर ती कंपनी खरं सांगते आहे. त्यांचा फोन तिच्यावर दीड वेळा पुरता भरेल. इंटरनेट बंद ठेवलं तर तीन दिवस जातात, आणि मुक्कामाच्या गावात चार्जिंग मिळतंच. चार्जर मात्र स्वतःचा द्या, तिथे एका बोर्डाला वीस फोन लागलेले असतात. पॉवर बँकेवर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आठ आकडी नोंदणी क्रमांक हवा; ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर ती बॅटरी वडिलांच्या पिशवीत जाता कामा नये. पक्कं बिल घ्या. दुकानदाराने हात झटकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार घेतात.

फोनचा दिवा टॉर्च म्हणून वापरू देऊ नका, बॅटरी त्यातच जाते. सेलवर चालणारी छोटी टॉर्च वेगळी द्या, तिचे सेल वाटेवरच्या कुठल्याही टपरीवर मिळतात. पाऊस असणारच, म्हणून फोन आणि पॉवर बँक दोन वेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत ठेवा, आणि भोक ओलं असताना वायर लावायची नाही हे त्यांना निघायच्या आधी करून दाखवा. पॉवर बँकेवर त्यांचं नाव, दिंडीचा क्रमांक आणि तुमचा मोबाइल नंबर चिकटवा. तोच नंबर कागदावर लिहून त्यांच्या बंडीच्या खिशातही घाला.